शेपटी सोडायला लावणारी नळी: माऊस हँडलिंग टनेलचं परीक्षण

प्रयोगशाळेतल्या उंदराला पिंजऱ्यातून बाहेर कसं काढायचं, हे बहुतेक प्राणिगृहांत मुद्दाम असं कुणी शिकवत नाही. जुना अटेंडंट करतो ते नवा बघतो: जाळीचं झाकण उचलायचं, शेपटी धरायची, आणि उंदीर हवेत हातपाय मारत दुसऱ्या पिंजऱ्यात. दोन सेकंदांचं काम. एम.फार्म.ला आलेला विद्यार्थीही पहिल्याच आठवड्यात तेच शिकतो. रोज एकदा वजन, एकदा डोस आणि आठवड्याला दोनदा बेडिंग (पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेला थर) बदलणं एवढंच धरलं तरी २८ दिवसांच्या अभ्यासात एक उंदीर साठेक वेळा शेपटीला लोंबकळतो. सुईची भीती सगळ्यांच्या लक्षात येते, पण सुईआधीचं हे लोंबकळणं कुणी मोजतच नाही.

हे लोंबकळणं थांबवणारी वस्तू म्हणजे दोन्ही तोंडांनी उघडी असलेली एक साधी नळी. आतला व्यास सुमारे ५ सेंटिमीटर, लांबी १० ते १५ सेंटिमीटर. उंदीर आपल्या पायांनी आत शिरतो, नळी आडवी उचलायची, दुसरीकडे ठेवायची, उंदीर आपल्या पायांनी बाहेर येतो. तिला फिरणारे भाग नाहीत, बॅटरी नाही. प्राणिगृहासाठी विकत घेता येणाऱ्या सुधारणांत इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू आमच्या माहितीत नाही. मात्र कोणत्या प्लास्टिकची घेता आणि ती कशी हाताळता यावर सगळं अवलंबून आहे.

(इथे उंदीर म्हणजे माऊस. रॅटला ही नळी लागत नाही. त्याला दोन्ही हातांनी छातीखालून आधार देऊन उचलावं, आणि शेपटीला तिथेही हात लावू नये.)

आधी पुरावा बघू, कारण "उंदराला काय कळतंय" हा प्रश्न येतोच. २०१० साली लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 'नेचर मेथड्स' या शोधपत्रिकेत शेपटी, ओंजळ (उंदराला तळव्यांवर बसवून उचलणं) आणि नळी या तीन पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली. शेपटीने उचललेले उंदीर नंतर हाताजवळ यायचं टाळत, मूत आणि लेंड्या जास्त टाकत, आणि एलिव्हेटेड प्लस मेझच्या, म्हणजे भीती मोजायच्या अधिकचिन्हासारख्या उंच मांडणीच्या, उघड्या फांद्यांवर कमी जात. नळीतून किंवा ओंजळीतून उचललेले स्वतःहून जवळ येत. हा फरक एकाच जातीपुरता नव्हता, वेगवेगळ्या स्ट्रेनमध्ये (प्रयोगासाठी पैदास केलेल्या वाणांमध्ये) तो दिसला. पुढे २०१७ साली हर्स्ट यांच्याच गटाने दाखवलं की वासावर आधारलेल्या वर्तनचाचणीत शेपटीने हाताळलेले उंदीर नव्या वासाकडे जातच नाहीत. आपण 'याला फरक कळत नाही' असा निष्कर्ष काढतो, आणि तो बिचारा फक्त घाबरलेला असतो. २०१८ मध्ये आणखी एका गटाला आढळलं की शेपटीने उचललेल्या उंदरांचा साखरपाण्याकडचा ओढाही मंदावतो.

आपल्याकडे वर्तनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा तशा मोजक्याच. पण महाराष्ट्रातल्या कितीतरी फार्मसी कॉलेजांत वनस्पतींच्या अर्काची मधुमेहावर चाचणी हा नेहमीचा विषय आहे, म्हणून २०१५ सालचं एक काम त्यांनी विशेष लक्षात घ्यावं. त्यात ओंजळीने हाताळलेल्या उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक कमी आढळलं आणि ग्लुकोज टॉलरन्स (साखर पचवायची शरीराची क्षमता) सुधारलेला दिसला, तोही कोणतंही औषध न देता. कंट्रोल गट एकाने हाताळला आणि टेस्ट गट दुसऱ्याने, तर जो फरक अर्काचा म्हणून छापला जाईल तो हातांचाही असू शकतो. दोन्ही गटांसाठी हाताळणी एकच हवी, ती याचसाठी. ज्या प्रयोगातून काहीच खरं हाती लागत नाही, त्यात वापरलेला उंदीर फुकट गेला, आणि नीतीच्या हिशेबात याहून मोठं नुकसान नाही.

आता प्रकार बघू. बाजारात आणि प्राणिगृहांत मिळून चार प्रकारच्या नळ्या दिसतात.

पॉलिकार्बोनेटची पारदर्शक किंवा लालसर पारदर्शक नळी हा सगळ्यांत चांगला पर्याय. लाल रंगाला कारण आहे. उंदराच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी, म्हणजे शंकू, दोन प्रकारचे असतात, एक अतिनील प्रकाशाला आणि एक हिरव्याच्या आसपास संवेदनशील. लाल प्रकाश त्याला फार अंधूक दिसतो. म्हणजे आत बसलेल्या उंदराला ते अंधारं बीळ वाटतं आणि आपल्याला मात्र तो कुठे आहे, तोंड कुठल्या बाजूला आहे, जखम आहे का, हे झाकण उघडताच दिसतं. पॉलिकार्बोनेट १२१ अंशांच्या ऑटोक्लेव्हला (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) टिकतं, उंदरांना सहज कुरतडता येत नाही आणि हातातून पडलं तरी फुटत नाही.

त्याचा शत्रू एकच, अल्कली. धुताना तीव्र अल्कधर्मी डिटर्जंट वापरलं, नीट खळबळलं नाही आणि तसंच ऑटोक्लेव्हमध्ये घातलं, की पॉलिकार्बोनेटची साखळी तुटते आणि बिस्फेनॉल-ए हे संप्रेरकांत ढवळाढवळ करणारं रसायन सुटं होतं. १९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच झालं. पिंजरे आणि बाटल्या चुकून फरशी पुसायच्या डिटर्जंटने धुतल्या गेल्या आणि ज्यांना कोणतंही रसायन दिलेलं नव्हतं अशा माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांच्या वाटणीची गडबड एकाएकी वाढली. कारण शोधून, पुन्हा प्रयोग करून ते प्रसिद्ध व्हायला २००३ साल उजाडलं. नळीचंही प्लास्टिक तेच आहे. म्हणून उदासीन किंवा सौम्य डिटर्जंट, मऊ ब्रश, साध्या पाण्याने तीनदा खळबळणं, पूर्ण निथळवणं आणि मगच ऑटोक्लेव्ह. नळी दुधाळ दिसायला लागली, स्पर्शाला चिकट लागली किंवा कडेला केसासारख्या भेगा आल्या, की ती टाकून द्यायची. "अजून एक महिना चालेल" असं तिच्या बाबतीत म्हणू नये.

अ‍ॅक्रिलिकची नळी दिसायला काचेसारखी स्वच्छ असते आणि साइनबोर्डवाल्याकडूनही कापून मिळते. पण ती ऑटोक्लेव्हमध्ये मऊ पडून वाकते. त्याहून मोठी अडचण अशी की ७० टक्के अल्कोहोलने पुसायची आपली सवय तिला मानवत नाही. काही आठवड्यांत तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात, त्यांत मूत आणि घाण अडकते, शेवटी टवका उडतो आणि कडा धारदार होते. खोलीत ऑटोक्लेव्हची गरजच नसेल आणि साबण-पाण्यावर भागत असेल तरच अ‍ॅक्रिलिक घ्यावं.

पुठ्ठ्याची नळी वाईट नाही, फक्त तिचं काम वेगळं आहे. संसर्गाच्या खोलीत, जिथे पिंजऱ्यातून बाहेर आलेलं सगळं जाळायचंच असतं, तिथे ती उत्तम. ऑटोक्लेव्ह करून आत द्यायची, वापर झाला की टाकायची. नेहमीच्या खोलीत मात्र उंदीर ती चार-पाच दिवसांत कुरतडून घरट्यात घालतात आणि नेमकी उचलायच्या वेळी ओली कडा हातात येते. घरच्या टिश्यूरोलचा गाभा वापरू नये. गाभण मादीला तो अरुंद पडतो, आणि त्यातला गोंद आणि रसायनं कुठली ते आपल्याला ठाऊक नसतं.

नळकामाच्या दुकानातला पीव्हीसी पाइप हा सगळ्यांना सुचणारा जुगाड. तो टाळावा. अपारदर्शक असल्याने उंदीर आत आहे की मागच्या बाजूने निसटला हे कळत नाही, उष्णता सोसत नाही, आणि जुन्या पाइपांत शिशाचा स्टॅबिलायझर असण्याची शक्यता असते. कुरतडणाऱ्या प्राण्याच्या पिंजऱ्यात शिसं ठेवणं हे ना त्याच्या हिताचं, ना तुमच्या आकड्यांच्या. शिवाय दुकानदार ५० मिलिमीटर म्हणतो ते बाहेरचं माप असतं, आत जागा त्याहून कमी.

मापाचं आणखी थोडं. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा पॉलिप्रॉपिलिनचा पिंजरा साधारण २९ बाय २२ बाय १४ सेंटिमीटरचा असतो आणि जाळीला खाद्यासाठी आत उतरलेला खोलगट भाग असतो. नळी मागवण्याआधी त्या खोलगट भागाखाली बेडिंगपासून किती जागा उरते ते पट्टीने मोजा. नळी तिथे अडकली तर झाकण नीट बसत नाही आणि सकाळी उंदीर खोलीभर. दुसरी गोष्ट पाण्याची. नळी घरंगळत जाऊन बाटलीच्या टोकाला टेकली की पाणी थेंबथेंब गळून रात्रीतून बाटली रिकामी होते आणि मक्याच्या कणसाचं बेडिंग चिखल होतं. नळी नेहमी बाटलीच्या विरुद्ध बाजूला, भिंतीला समांतर ठेवायची आणि बेडिंगमध्ये किंचित दाबायची, म्हणजे लोळत नाही.

वापरायची पद्धत अशी. झाकण काढा आणि पाच-दहा सेकंद हात स्थिर ठेवा. उंदीर झोपलेला असेल तर आधी जागा होऊ द्या. नळी भिंतीलगत, उंदराच्या वाटेत, एक तोंड त्याच्याकडे करून ठेवा. दुसरा हात त्याच्या मागून, तळवा उभा धरून, हळूहळू पुढे आणा, कोंबडीच्या पिलांना खुराड्याकडे वळवतो तसा. बहुतेक उंदीर अंधारं भोक दिसताच आत शिरतात. चारही पाय आत गेले की नळी आडवीच उचला. नवा किंवा उड्या मारणारा उंदीर असेल तर दोन्ही तोंडांवर तळहात सैल धरा, दाबू नका. दुसऱ्या पिंजऱ्यात नेल्यावर नळी बेडिंगला टेकवा, तोंडाचा हात काढा आणि थांबा. निघाला नाही तर नळीचं त्याच्या मागचं टोक थोडं खाली कलवा, तो मागच्या मागे सरकत उतरतो. एकाच नळीत दोन-तीन उंदीर बसले असतील तर तिघांनाही एकदम न्या, काही बिघडत नाही.

वजनासाठी काट्यावर उंच कडांचं भांडं ठेवून शून्य करा आणि उंदीर नळीतून भांड्यात उतरवा. नळीसकट वजन करून नळीचं वजन वजा करायचा शॉर्टकट टाळावा. नळीला चिकटलेलं बेडिंग आणि आत केलेलं मूत आकड्यात येतं, आणि २५ ग्रॅमच्या जिवात अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे २ टक्के.

इंजेक्शन किंवा गॅव्हाज (तोंडातून नळीने थेट पोटात औषध) द्यायचं असेल तर मानेची सैल कातडी धरावीच लागते, तिथे नळी पुरत नाही. तेव्हा उंदराला नळीतून जाळीवर मागच्या बाजूने उतरू द्या. पुढचे पाय जाळी पकडतात त्या क्षणी शेपटीच्या बुंध्याला हलकं धरून स्थिर करा आणि दुसऱ्या हाताने मान पकडा. अंगाचं वजन जाळीवर असतं, शेपटीवर नाही, हाच सगळा फरक. शेपटीच्या टोकाला कधीच धरू नये, तिथली कातडी मोज्यासारखी सुटून येते. "शेवटी मान पकडायचीच आहे, मग नळीचा उपयोग काय?" हा आक्षेप वाजवी आहे आणि त्याचं उत्तरही आलेलं आहे. वारंवार मान पकडणं, इंजेक्शन आणि भूल यांनंतरही नळीने हाताळलेल्या उंदरांचा फायदा टिकून राहतो, असं २०२० च्या अभ्यासात दिसलं.

चुका कुठे होतात? सगळ्यांत जास्त नळी घेऊन उंदराचा पाठलाग करण्यात. पिंजराभर नळी फिरवली की ती त्याच्या लेखी मांजराचा पंजा होते आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्यात शिरत नाही. नळी एका जागी, उंदीर चालता, हे सूत्र पक्कं ठेवावं. दुसरी चूक नळी उभी करून झटकण्याची. उंदीर घसरून पडतो, आणि नळी वाईट आहे हे एका झटक्यात शिकतो. तिसरी, पूर्ण रॅकसाठी एकच नळी फिरवण्याची. पिनवर्मची (आतड्यातल्या बारीक जंतांची) अंडी आणि विषाणू पिंजऱ्यापिंजऱ्यांत नेण्याचा हा सोपा मार्ग आहे. प्रत्येक पिंजऱ्यात त्याची स्वतःची नळी हवी. उंदरांना ती आधीपासून ओळखीची असते, त्यात ते झोपतात, लपतात, आणि उचलायच्या वेळी अर्धे उंदीर आधीच आत सापडतात.

नळीच्या मर्यादाही आहेत. डोक्यावर कॅन्युला (औषध सोडायची बारीक नळी) किंवा ऑप्टिक फायबर बसवलेल्या उंदरासाठी ती वापरू नये, रोपण कडेला अडकतं. त्याला ओंजळीत घ्यावं: दोन्ही हात बाजूंनी बेडिंगखाली सरकवायचे आणि उंदराला तळव्यांवर बसू द्यायचं, मुठीत पकडायचं नाही. खूप लठ्ठ स्ट्रेन आणि पूर्ण दिवस भरलेल्या गाभण माद्या ५ सेंटिमीटरमध्ये अवघडतात, त्यांनाही ओंजळच बरी. तीन आठवड्यांची, आईच्या दुधापासून नुकती तोडलेली पिल्लं लाह्यांसारखी उडतात, तिथे नळीची तोंडं झाकायला विसरू नये. आणि नळी म्हणजे घरटं नव्हे. कागदाच्या पट्ट्या किंवा तसं घरट्याचं साहित्य ६ ते १० ग्रॅम वेगळं द्यायलाच हवं, कारण एसी लावलेली खोली माणसाला बरी वाटली तरी उंदराला थंडच असते. पिंजरा बदलताना जुन्या घरट्याचा भाग नव्यात टाकला की नरांची भांडणंही कमी होतात.

वेळ जास्त लागतो का? पहिले काही दिवस हो. हात बसला की खोलीचा वेग जवळपास पूर्वीइतकाच राहतो, कारण घाबरून पळणारा उंदीर पकडण्यात जाणारा वेळ वाचतो. नळीतली हाताळणी दोन सेकंदांची असली तरी फायदा दिसतो, तासन् तास माणसाळवावं लागत नाही. प्राणिप्रयोग कमी आणि सुसह्य करण्यासाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधल्या एनसी-थ्री-आर्स या संस्थेने याचे शिकवणीचे व्हिडिओ फुकट ठेवले आहेत. अटेंडंटना ते मराठीत समजावून दाखवायला अर्धा तास पुरतो, आणि तो अर्धा तास त्यांच्यासाठी काढलाच पाहिजे. उंदराला दिवसातून सगळ्यांत जास्त वेळा हात लागतो तो त्यांचाच, पीएच.डी.वाल्याचा नव्हे.

नळीचा उपयोग आपल्याकडे होतोय का, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. झाकण काढून मिनिटभर स्तब्ध उभं राहा. मग हाताळणीआधी ६० सेकंद नळी पिंजऱ्याच्या पुढच्या भागात धरा आणि उंदीर किती सेकंद तिला हुंगतो, चढतो, आत जातो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. हाताळून परत ठेवल्यावर पुन्हा ६० सेकंद. दोन आठवड्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की आकडा चढतोय की उतरतोय हे कळतं. उतरत असेल तर वर लिहिलेल्या चुकांपैकी एखादी खोलीत घडतेय.

चालू अभ्यासाच्या मधोमध पद्धत बदलू नये, नाहीतर आधीचे आणि नंतरचे आकडे जोडता येत नाहीत. नव्या अभ्यासाचा फॉर्म बी (प्राणिप्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) आयएईसीपुढे, म्हणजे संस्थेच्या प्राणी नीतिसमितीपुढे, मांडताना हाताळणी नळीने की ओंजळीने, कोण करणार, किती वेळा, हे स्पष्ट लिहा, आणि पेपरच्या पद्धती-विभागातही तेच लिहा. समितीच्या सदस्यांनीही "स्टँडर्ड हँडलिंग" एवढ्यावर समाधान मानू नये, शेपटीने उचलणार का हे सरळ विचारावं. १९५९ साली रसेल आणि बर्च यांनी मांडलेल्या तीन आरांपैकी (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) रिफाइनमेंट, म्हणजे प्राण्याचा त्रास कमी करणं, हा शब्द आपल्या अर्जांत नेहमी येतो. ही नळी त्या शब्दाखाली नाव घेऊन लिहिता येते.

मागवताना लाल किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेट, आतला व्यास ५ सेंटिमीटर, लांबी पिंजऱ्याच्या मोजमापाप्रमाणे १० किंवा १५, कडा गोलावलेल्या, आणि १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह चालतं असं पुरवठादाराकडून लेखी घ्या. १०० पिंजरे असतील तर १०० नळ्या पुरत नाहीत, धुण्यात आणि सुकण्यात असलेल्यांसाठी निदान ३० जास्त घ्या. बजेट अपुरं असेल तर आधी एका रॅकपुरत्या घ्या, आणि ज्या उंदरांना रोज डोस आहे त्यांच्या पिंजऱ्यांपासून सुरुवात करा.